चिंचेनं घासलेली रायफल

लग्नानंतरची माझी पहिलीच खंडेनवमी. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. सासरे फौजेतून निवृत्त होऊन एका बँकेत पहारेकरी होते, रायफल त्यांच्याच परवान्याची. नवमीला घरातलं एकूण एक हत्यार पूजेला मांडायचं म्हणून विळी, खुरपी, अडकित्ता सगळं मी चिंच आणि राखेनं लखलखीत केलं. माझ्या घासण्याचं माहेरी फार कौतुक. मग रायफल दिसली, काळीकुट्ट. म्हटलं, किती वर्षांचा मळ हा! तासाभरात नळी पांढरी केली आणि शाबासकीची वाट बघत बसले.

सासरे आंघोळ करून आले आणि त्यांनी नळीवरून बोट फिरवून बघितलं.

"पोरी, मळ न्हवता त्यो. काळा गंज असतोय, मुद्दाम चढवलेला. तेल धरून ठेवतोय, तांबड्या गंजाला शिरू देत न्हाय. आन् नळी उन्हात चमकत न्हाय, नेम धरताना डोळं दिपत न्हाईत."

सोमवारी बँकेत साहेब हत्यारं तपासणार होते. नापास झाली तर नोकरी जाणार, हे मला सासूबाईंनी सांगितलं. दसऱ्याला सकाळी नळीवर तांबडे ठिपके आलेच.

तशीच सासऱ्यांच्या मागोमाग बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडं गेले. तो म्हणाला, "आठ दिस लागतील. हाताखाली माणूस न्हाय."

"मी हाय की."

"पावणं, बाईमाणसाचं काम न्हाय हे," तो सासऱ्यांना म्हणाला.

मी भडकले. "पाणी उकळायचं आन् घासायचं. जन्मभर दुसरं काय केलंय मी?"

चार दिवस तेच केलं. तो नळीला औषध लावायचा, त्यानं तिच्यावर बारीक तांबडा गंज धरायचा. मी नळी लांब कढईत उकळायची, तांबडं डोळ्यांदेखत काळं व्हायचं. मग हलक्या हातानं घासायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सासरे रायफलीवरची नजर न हलवता स्टुलावर बसून असायचे. बोटं सोलवटली, पण नळीवर जांभळासारखा काळा रंग चढला.

सोमवारी सासरे पेढे घेऊनच घरी आले. साहेबांनी विचारलं होतं, नवी घेतली काय? "सुनंनं केलीया म्हटलं," सासरे गल्लीला ऐकू जाईल असं सांगत होते.

पुढच्या वर्षी नवमीच्या आधी तो कारागीर दारात उभा. "पावणं, सूनबाईंना धाडता का? काम लई आलंय."

"तिलाच विचारा की," सासरे म्हणाले.

मी पदर खोचला आणि निघाले. पुढं बारा वर्षं जात राहिले.