विसणाचं पाणी

सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून सासरी, रिठदलाच राहायचं ठरलं होतं. पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. गल्लीतली निम्मी पोरं सासूबाईंच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. आता स्वतःच्या नातवंडाला न्हाऊ घालता येईल की नाही, याचाच त्यांना घोर लागला.

त्या चालू-बोलू लागल्या, पण डाव्या हाताचं काही कळेना. एकदा मागून त्या हातात फणी दिली, तर म्हणाल्या, "काय देलं वं हे? मले नाई समजत." आणि हे म्हणत असतानाच तो हात मागच्या मागे केस विंचरत होता. मला हसू आवरेना. शेजारणी मात्र म्हातारी चळली म्हणायच्या, त्याचा मला भयंकर राग यायचा.

मुलगी झाली. मेडशीहून नणंद आली आणि बाळाचं न्हाणं तिनं आपल्याकडे घेतलं. सासूबाई दाराशी बसून नुसत्या बघायच्या. त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. शेवटी मीच नणंदेला म्हटलं, "बाई, एक दिवस घालू द्या न त्याईले." ती कुरकुरली, पण तिनं बाळ आपल्या आईच्या पायांवर ठेवलं.

सासूबाईंची पद्धत ठरलेली होती. उजवा हात तेला-हळदीनं माखलेला, म्हणून पाणी डाव्या हातानं बघायचं आणि त्याच हातानं ओतायचं. घंगाळातल्या कढत पाण्यात दुसरीनं गार पाण्याचं विसण घालत राहायचं, आणि न्हाऊ घालणारी 'पुरे' म्हणाली की थांबायचं. नणंदेनं थोडं विसण घातलं. सासूबाईंनी डावा हात बुडवला.

"कसं हाय, माय?"

"पुरे. बरं हाय."

पण तो हात तांब्या उचलेना. उलट घंगाळच लांब लोटू लागला. सासूबाईंनी उजव्या हातानं त्याला चापट मारली. "कायले नखरे करून राह्यला?"

"राहू दे, मी ओतते," म्हणत नणंदेनं तांब्या भरला. मला काय वाटलं कोण जाणे, बाजेवरून तशीच उठले आणि घंगाळात बोटं घातली. चांगलाच चटका बसला. मी नणंदेचा हात धरला.

सासूबाईंनी आपली बोटं डोळ्यांसमोर आणली. ती लाल झाली होती. "मले तर कोमट वाटलं," त्या म्हणाल्या. "मी पोट्टीले भाजलं असतं. घ्या तिले." आणि त्या रडू लागल्या. रडू मलाही आलं, आधी भीतीनं आणि मग त्यांच्यासाठी. नणंद बाळ उचलायला वाकली.

मी तिला अडवलं आणि सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तुमचा हात खरं सांगून राह्यला होता. तोंडच चुकलं." पुन्हा विसण घातलं, कोपर बुडवून स्वतः पाहिलं आणि मग त्यांचा डावा हात पाण्यात धरला.

"लई गरम हाय वं," त्या घाबरून म्हणाल्या. "नको, ओतू नको."

हात तोवर तांब्या भरून बाळाच्या पाठीवर सावकाश पाणी ओतायला लागला होता. मुलगी एकदाच हुंकारली आणि त्यांच्या पायांवर झोपून गेली.