ताट भरून उपवास

"दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यांनी विचारलं, "बरोबर कोण आहे?" मी म्हटलं, पर्स आहे. ते हसले नाहीत.

पायांना सूज येत होती. मी एक नंबर मोठ्या चपला घेऊन ती सूज बरेच दिवस चालवून घेतली होती. मग तपासणीत क्रिएटिनिन भलतंच वाढलेलं निघालं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, जो किडनीने बाहेर टाकायचा. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त धुऊन परत अंगात सोडायचं. त्यासाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केला. सुया टोचायची ती कायमची जागा.

जयनगरला घर, सरकारी कारखान्यातून निवृत्ती, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. डायलिसिसच्या खोलीबाहेर प्रत्येकाचं कोणी ना कोणी बसलेलं असायचं. माझी तेवढी चप्पल असायची. एकटेपणाची मला सवय आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खोटं होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, पोटॅशियम टाळा. हा क्षार साध्या अन्नात असतो, पण किडनी बंद असली की रक्तात साठतो आणि हृदय थांबवू शकतो. बटाटा, रताळं, केळं, खजूर, शहाळं, शेंगदाणे, सगळं बंद. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, हा तर आमचा अख्खा उपवासाचा फराळ.

महाशिवरात्र आली. बाजारात रताळ्यांचे ढीग लागले होते. मी नुसती बघायला थांबले आणि पिशवी भरून घरी आले. मनाशी वाद घातला की डॉक्टरांनी जेवण सांभाळायला सांगितलंय, आणि उपवासाला आपण जेवतो कुठे? महादेवालाही मध्ये घातलं. रताळ्याचे काप तुपावर परतून गूळ घातला, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ केले. किती महिन्यांनी घरात तूप-जिऱ्याचा वास सुटला. यांचं हे आवडतं ताट. मी निवांत, बोटं चाटत खाल्लं. खरं सांगते, अपराधी वगैरे काही वाटलं नाही. आनंद झाला. खाऊन झाल्यावर एकच ताट उचलून घासायला नेलं, तेव्हा मात्र रडू आलं.

संध्याकाळी पाय उचलेनात, छातीत धडधडू लागलं. खालच्या मजल्यावरच्या गिरिजाक्कांना फोन केला. त्या मूळच्या निपाणीच्या. तोवर आमचं बोलणं जिन्यापुरतंच होतं. रिक्षात त्या एका हाताने मला धरून चालकाला कानडीत जरा लवकर चालवायला सांगत होत्या, "स्वल्प बेग होगी, अण्णा."

हॉस्पिटलात ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. तो बिघडलेला होता. पोटॅशियम धोक्याच्या पातळीच्या वर गेलेलं. "आज काय खाल्लंत?" केरळच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं.

"आज उपवास आहे," मी म्हटलं. त्यांना त्यातून रिकामं पोटच समजणार, हे मला पुरतं ठाऊक होतं.

ते विचारात पडले. "मग फिस्टुला नीट चालत नसणार. रक्त पुरेसं साफ होत नाहीये. डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत नळी घालावी लागेल, आणि नंतर नव्या फिस्टुलाचं ऑपरेशन."

ऑपरेशन परवडलं, पण या वयात चोरून खाल्लं हे कबूल करणं नको, असं मला चक्क वाटलं. तेवढ्यात गिरिजाक्कांनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

"दिवसभर उपाशी बसलासा व्हय वैनी, एकट्याच? मला हाक मारायची की ओ. दूध तरी आणून दिलं असतं."

न झालेल्या उपासमारीची ती कणव मला सोसेना. "खाल्लंय," मी म्हटलं. "ताट भरून. रताळी, बटाटे, दाणे, सगळं."

डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. नळी नको, ऑपरेशनही नको. आहे त्याच फिस्टुलावर लगेच डायलिसिस लावू." ते रागावले नाहीत. रागावल्या त्या गिरिजाक्का.

"रताळी केलीसा, आणि मला बोलवायचं न्हाई व्हय?"

डायलिसिस संपून बाहेर आले, तर माझ्या चपलेशेजारी आणखी एक जोड होता. त्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत होत्या.

मोह आवरा, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? माझ्यासारखं पथ्य असेल तर खाऊ नकाच. पण खाल्लंत, तर विचारतील त्या डॉक्टरला तिथल्या तिथे सांगा. लाज वाटेल, वाटू द्या.

आता एकादशीला गिरिजाक्का वर येतात. रताळी मी करते, ताट त्यांचं असतं. आहारतज्ज्ञ बाईंना विचारून माझ्या बशीत एक लहानसा काप ठेवते, भिजवून, उकडून, पाणी टाकून दिलेला. चवीला तो अगदी पाणचट लागतो. दोघींचं बरोबर संपावं म्हणून त्या मुद्दाम सावकाश खातात. तरी माझं आधी संपतं. मग मी त्यांचं होईपर्यंत समोर बसून राहते.