पाणी कुठलं प्यालात?

कुणी हस्तलिखित घेऊन आलं की गुरुजी ते उघडत नसत. दोरीनं बांधलेल्या बाडावर नुसता तळहात ठेवत आणि विचारत, "ज्या गावांबद्दल लिहिलंय, तिथं पाणी कुठलं प्यालात?"

शाळातपासनीस म्हणून त्यांनी महाडपासून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत सगळा मुलूख पायी तुडवला होता. स्वतः एकही पुस्तक लिहिलं नाही, पण पेन्शन घेतल्यावर मुंबई-पुण्याचे विद्वान बाडं घेऊन त्यांच्या महाडच्या ओटीवर येऊन बसत. एकदा असेच एक भारदस्त प्रोफेसर आले. गुरुजींनी त्यांना डोंगरावरच्या एका गावाचं नाव घेऊन नेहमीचा प्रश्न विचारला. प्रोफेसर बेधडक म्हणाले, "विहिरीचं."

"त्या गावाला विहीरच नाही हो. चढणीच्या अर्ध्यावर झरा आहे. तिथं टेकल्यावाचून माणूस वर पोचतच नाही." प्रोफेसरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण माणूस सच्चा होता. दुसऱ्या दिवशी धोतर खोचून खरंच चढायला निघाला.

गुरुजींचा उपदेश असा तुकड्यातुकड्यांनी यायचा. "परीक्षकाला वाचावंच लागतं, वाचकावर सक्ती नाही, हे लक्षात ठेवून प्रबंध पुन्हा लिहा." "तळटीपेत भांडू नका. भांडायचं तर वर मजकुरात या." "'सर्वश्रुत आहे' असं लिहिलंत की मी समजतो, तुम्ही कुणालाच विचारलेलं नाही." आणि प्रकाशकाला पत्र लिहायचं तर, "पुस्तकात काय आहे ते चार ओळींत सांगा. तुम्ही किती विद्वान ते त्याला कळेल, घाई नको."

आता माझं सांगतो. माझा जन्म पोलादपूरच्या महारवाड्यातला. वडील पलटणीत होते म्हणून शिकलो, मुंबईत एम.ए. झालो, तिथंच एका शाळेत लागलो. जुन्या घाटवाटा आणि त्या राखणारी गावं यांवर मी प्रबंध लिहिला होता. त्याचं पुस्तक करायचं होतं. आमच्या वाड्यातलं ते पहिलं छापील पुस्तक ठरणार होतं, आणि आई त्याची वाट अशी बघत होती की जणू घरात सूनच येणार आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत मी पोलादपूरहून सर्व्हिस मोटारीनं महाडला जाई. गुरुजी ओटीवर, मी खालच्या पायरीवर. दीड महिना त्यांनी माझं एकेक वाक्य सोललं. गंमत म्हणजे तो प्रश्न त्यांनी मला विचारलाच नव्हता. वाड्यातला पोरगा म्हणजे हिंडलेलाच असणार, असं त्यांनी धरलं असावं. शेवटी एका दुपारी सवयीनं विचारून गेले, "पाणी कुठलं प्यालात?"

"ओढ्याचं. गावात मागितलं, दिलं नाही."

"कुठल्या गावात?"

"एक सोडून सगळ्यांत."

आमच्या महाडात पाण्याची गोष्ट काढणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गुरुजी माझ्याकडे, मी बसलो होतो त्या पायरीकडे पाहत राहिले. "आणि इथं? दीड महिना?" ते उठून आत गेले. त्यांच्या थोरल्या भावाचा चढा आवाज ऐकू आला, मधेच गुरुजींच्या पत्नीचा, बाईंचा, बारीक. गुरुजी रिकाम्या हातांनी बाहेर आले आणि ओटीवर न बसता माझ्याशेजारी पायरीवर बसले.

"घरात थोरल्यांचं चालतं," ते म्हणाले. "सांगायला लाज वाटते."

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला सांगू? बाड उचललं आणि निघून आलो. परत तिथं पाऊल टाकायचं नाही, असं ठरवूनच आलो.

पुढच्या रविवारी भर उन्हात गुरुजी पोलादपूरला आमच्या दारात उभे. टोपी काढून आईला म्हणाले, "बाई, आधी पाणी द्या."

आई गडबडली. "गुरुजी, आमच्या घरचं पानी हाय. चालंल काय?"

"गार असलं म्हणजे चालेल."

घटाघटा तांब्या संपवून त्यांनी आणखी मागितलं. मग मला म्हणाले, "ती ओढ्याची गोष्ट पुस्तकात कुठं आहे?"

"शास्त्रीय ग्रंथात स्वतःचं रडगाणं कशाला?"

"वाट कुणी राखली ते लिहिलंत. ती कुणाला बंद होती हे कोण लिहिणार? आणि तळटीपेत नको."

माझा राग तिथंच विरघळला. सुटी संपेपर्यंत ते दर रविवारी येत राहिले. मी ते पान लिहिलं.

दिवाळीत प्रकाशकाचं पत्र आलं. ग्रंथ उत्तम, फक्त ते एक पान काढा, लोक दुखावतील, नाहीतर छापणं जमणार नाही. आईचा चेहरा बघून मी पान काढायला तयार झालो होतो. गुरुजींना पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "पान तुमचं आहे. ठेवायचं की काढायचं, मी सांगणार नाही," म्हणाले. "पण मला प्रस्तावना लिहू द्याल? जे दुखावतील त्यांत पहिलं घर माझं असू दे, म्हणजे प्रकाशकाला धीर येईल."

दुसऱ्यांच्या पुस्तकांवर जन्म घालवलेल्या माणसाची ती पहिली आणि एकच प्रस्तावना. प्रकाशकानं ती वाचली आणि पान ठेवलं.

पुस्तक बांधून हातात आलं तेव्हा गुरुजींना जाऊन तीन आठवडे झाले होते. न्युमोनिया. मला कुणी कळवलंही नव्हतं.

मी पहिली प्रत घेऊन महाडला गेलो. थोरले बंधू दारात आले. खाली पायरीकडे बोट करून म्हणाले, "ठेवा तिथं." मी ठेवलं नाही. पुस्तक दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिलो. तेवढ्यात बाई बाहेर आल्या, पायऱ्या उतरून माझ्यासमोर थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"ह्यांनी लिहिलेलं कुठं आहे? वाचा बघू."

मी वाचलं. "प्रस्तुत लेखक भर उन्हाळ्यात दीड महिना माझ्या दारी येत होता. माझ्या घराने त्याला पाण्याचा थेंब दिला नाही. या ग्रंथात त्याने लिहिलेले खरे आहे, याचा मी साक्षीदार आहे आणि अपराधीही." दारातून बंधू आत गेले.

"आणि नाव? कुठं आहे?"

मी बोट ठेवून नाव दाखवलं. बाईंनी आपलं बोट माझ्या बोटाला लागून टेकवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.