उचललेला दगड

आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात लेकरू आईबापाच्या वळणावर गेलं की म्हणतात, 'जुन्या दगडाचीच कपची!' खाण तशी माती, तसंच हे. कौतुकाने म्हणतात, कधी वैतागूनही म्हणतात. हेस्टरला मात्र कुणी म्हणत नसे, कारण जोसाया तिचा सावत्र बाप.

जोसायाने पन्नास वर्षं या डोंगरावर गडगे रचले. ना चुना, ना माती, नुसता दगडावर दगड. गुडघे गेले तसं त्याने हातोडा हेस्टरच्या हाती दिला. पण आम्ही शेतकरी काम देऊ तेव्हा ना! आम्ही पलीकडच्या खोऱ्यातून गवंडी आणायचो. 'हे रक्तातच असावं लागतं,' असं सगळ्यात मोठ्या तोंडाने मीच सांगत फिरायचो. आता त्याची लाज वाटते.

यंदा थंडीने माझा गडगा ढासळला आणि मेंढ्या थेट बायकोच्या कोबीत शिरल्या. पलीकडचा गवंडी महिनाभर मोकळा नव्हता.

"हेस्टरला बोलव," बायको म्हणाली, "नाहीतर तूच जाऊन उभा राहा त्या खिंडारात!"

हेस्टर आली. जोसायाही आला आणि पालथ्या बादलीवर बसून राहिला. दुपारपर्यंत गडगा कमरेपर्यंत चढला. मग तिच्या हाती एक वेडावाकडा दगड आला. इकडून लावला, तिकडून लावला, बसेना. तो कवटाळून ती गडग्याभोवती फेऱ्या मारू लागली.

"अगं, टाक तो! ढीगभर पडलेत इथे," मी म्हणालो.

"उचललेला दगड खाली ठेवायचा नसतो, क्लेमंटकाका. जागा असतेच त्याला."

"हात मोडतील तुझे!"

"माझेच ना? तुम्ही चहा प्या."

तोच हट्ट, तेच फटकळ तोंड! जोसायाने माझ्या बापाला हेच ऐकवलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "जुन्या दगडाचीच कपची आहेस!"

हेस्टरचे कान लाल झाले. तिने दगड उलटा केला, सरकवला, आणि तो बसला. मी लाथ मारून पाहिली, जराही हलला नाही.

"वरच्या रानातला गडगाही तूच कर," मी म्हणालो. "आणि गावाला मी सांगतो."

जोसायाने चहावर फुंकर घातली. "हिची आई गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. जो तो सांगायचा, मावशीकडे देऊन टाक, तुझी कोण लागते ती?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मी उचलली होती ना एकदा."