न उघडलेला डबा

सुमे, आपल्या फाट्यावर मी पहिल्यांदा नगरची एसटी धरली, तेव्हा मी जाऊ नये म्हणून तू माझ्या ट्रंकेवर बसून राहिली होतीस. आईनं तुला उठवलं आणि मला एवढंच सांगितलं, "रोज डबा धाडीन. पर रिकामं भांडं माघारी पाठवू नको, कायतरी घाल त्यात."

सकाळच्या गाडीनं भाकरी यायची. संध्याकाळच्या गाडीनं डबा परत जाताना मी त्यात गुळाचा खडा टाकायचे. कॉलेजातल्या मुली हसायच्या. मेस मला परवडत नाही, हे त्यांना कशाला सांगू?

मग दुष्काळ पडला. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी. दादांनी आईला आधीच बजावलं होतं, "औंदा ऊसतोडीला जावं लागलं तर पोरीला माघारी आणायची. बारक्यांना करून कोण घालंल?" सहामाही परीक्षा तोंडावर होती. रोज स्टँडवर जाताना वाटायचं, आज कंडक्टर बोलावणं तर घेऊन आला नसेल ना?

एके सकाळी डबा हलका लागला. उघडला, तर मीच घातलेला गुळाचा खडा आत तसाच. कंडक्टर म्हणाले, "ताई, काल फाट्यावर डबा घ्यायला कुनीच न्हाई आलं. इचारून उद्या सांगतो."

त्या दिवशी पेपर होता. काय लिहिलं, देव जाणे. कोण आजारी पडलं, की दादाच मला न्यायला निघाले, एवढंच डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरांकडून कळलं. "घराला कुलूप हाय. मुकादमाची गाडी अचानक आली, समदी उसाच्या फडावर गेली. आई शेजारी सांगून गेली, परीक्षा झाल्याबिगर येऊ नको म्हनावं. बारक्यांना करून घालाय सुमीला नेलंय."

म्हणजे माझ्या जागी तू. तुझी शाळा तिथंच संपली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच रडूही कोसळलं. दोन्ही खरं होतं.

परवा इथं टोरांटोत, हीटर लावलेल्या किचनमध्ये, माझ्या नगरच्या कॉलेजातली एक मुलगी लॅपटॉपवर विचारत होती, "मॅडम, जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणींचं आर्काइव्ह करतोय. तुमच्या वेळची एखादी वस्तू मिळेल?" माझ्या तोंडून निघून गेलं, डबा. ती खूश झाली. म्हणाली, काचेत ठेवू, खाली तुमचं नाव लावू.

डबा तुझ्याकडंच राहिलाय, म्हणून तुला फोन करून मागितला. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडणार. पण तू म्हणालीस, "ने की आक्का. पर मी रानात भाकरी कशात नेऊ?"

इतकी वर्षं घर म्हटलं की मला ते कुलूपच दिसायचं. आणि तू तर रोज त्याच डब्याचं झाकण उघडत होतीस. माझं घर तुझ्या हातात आहे, सुमे.

त्या मुलीला मी कळवलंय, डबा मिळणार नाही, तो वापरात आहे. आठवणी हव्या असतील तर पाथर्डीच्या गाडीत बसून आमच्या फाट्यावर उतर आणि माझ्या बहिणीकडं जा, तिला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

ती येईल. तिला डबा दाखव, पण रिकामा दाखवू नकोस.