शेवटचा हुक

मास्तर हातातली सुई स्वतःच्याच शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवायचे, पायानं स्टूल पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, ‘शेवटचं राहू दे. आमेले नोडोण.’

आमेले नोडोण म्हणजे नंतर बघू. मला कळलेलं कन्नडमधलं हे पहिलं वाक्य. साताऱ्याहून मैसूरला येऊन मला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता आणि मंडी मोहल्ल्यातल्या त्यांच्या दुकानात मी शिवायला टाकलेला ब्लाउज न्यायला गेले होते. मी सगळं मोजून घेणारी बाई. तिथेच उभ्या उभ्या हुक मोजले. पाच हवे होते, चारच निघाले.

‘मास्तर, एक हुक राहिलाय.’

‘राहिला नाही ताई, ठेवलाय. बसा. स्वल्प काफी घ्या.’

मग त्यांनी शेजारच्या हॉटेलातून कॉफी मागवली आणि एक हुक लावायला चांगली वीस मिनिटं घेतली. तेवढ्यात माझं माहेर, सासर, नवऱ्याची नोकरी आणि आज घरात काय भाजी केली इथपर्यंत सगळी माहिती काढून झाली. नंतर कळलं की हे माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नव्हतं. सगळ्या दुकानाची रीतच ती. शर्ट असो की झबलं, शेवटचं बटण गिऱ्हाईक समोर बसल्याशिवाय लागायचं नाही.

‘कसं म्हटलं तर, माप आपण अंगाचं घेताव. माणसाचं माप या शेवटच्या बटणाला कळतंय, अल्वा? खरं की नाही?’

हे वाक्य ते दिवसातून दहा जणांना ऐकवत असणार. पण मला ते त्या दिवशी फार आवडलं, हेही खरंच.

मास्तरांचं घराणं कधीकाळी कापडाच्या आणि शिवणाच्या धंद्यासाठी मैसूरला आलं आणि इथलंच झालं. शिलाई यंत्राच्या वर विठोबाची तसबीर, घरात मराठी, आणि त्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड. मी एका ट्रस्टच्या प्रशिक्षण केंद्रात काम करते हे कळल्यावर मास्तरांचे डोळे चमकले. आमच्याकडे संगणक, इंग्रजी संभाषण, शिवण असे वर्ग चालतात. कोर्स म्हटलं की मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो फळा दिसला की समोर जाऊन बसतो. मास्तरांनी टायपिंग केलं, हार्मोनियम केली, इंग्रजी संभाषण केलं, मोटार शिकले. सगळं मन लावून, वर्गात पहिल्या बाकावर बसून. फक्त शेवटच्या दिवशी जायचे नाहीत. एकाही कोर्सच्या शेवटच्या दिवशी हा माणूस गेला नाही.

त्याचे परिणाम तुम्हाला कोणीही सांगितले असते. इंग्रजीच्या वर्गात शेवटचा धडा टेलिफोनवरच्या संभाषणाचा होता. त्यामुळे मास्तर समोरच्या माणसाशी इंग्रजीत छान बोलायचे, पण फोनवर इंग्रजी ऐकू आलं की तो फोन निखारा असल्यासारखा बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, हातात द्यायचे. मोटारीच्या कोर्सात शेवटच्या दिवशी गाडी मागे घ्यायला शिकवणार होते. लायसन कसं मिळालं ते मी विचारलं नाही. पण मास्तर गाडी अशाच जागी लावायचे की निघताना पुढेच जाता येईल, आणि तशी जागा नसेल तर देवदर्शन न घेता घरी परतायचे. एकदा त्यांच्या गल्लीत समोरून पाण्याचा टँकर आला. शेवटी टँकर मागे गेला.

आजारपणातही तेच. डॉक्टरांनी पाच दिवसांचा गोळ्यांचा कोर्स दिला की शेवटची गोळी पाकिटात. काकूंनी यावर तोडगा काढला होता. त्या डॉक्टरांना सांगून गुपचूप एक गोळी जास्त आणायच्या. मास्तर ती शिल्लक ठेवायचे आणि कोर्स पूर्ण व्हायचा.

मला या गोष्टीचा मनापासून राग यायचा. मी कंटाळवाणं पुस्तकही शेवटच्या पानापर्यंत वाचते, डब्याच्या तळाचा मुरंबा खरवडून संपवते. एकदा हुक लावून घेता घेता मी त्यांना सरळ विचारलं की हे काय खूळ आहे.

तेव्हा त्यांनी गोल्फचं सांगितलं. विशीत असताना मास्तर सकाळच्या वेळी गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी उचलायचे. त्यांचे नेहमीचे साहेब म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर. गोल्फमध्ये अठरा खळगे असतात आणि चेंडू एकामागून एक त्या सगळ्यांत घालत जायचा असतो. हे साहेब रोज सतरा खेळायचे आणि अठरावा समोर दिसत असताना काठी पिशवीत टाकून चहाला चालू लागायचे. मास्तरांनी एकदा धीर करून कारण विचारलं. साहेब म्हणाले, उद्या यायला काहीतरी ठेवायला नको का?

‘सहा वर्षं, ताई. एक दिवस चुकला नाही. मग एका सकाळी साहेब अठरावाही खेळले. चेंडू आत गेला, माझ्या हातात हात दिला. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. कधीच आले नाहीत.’

‘वारले?’

‘छे, छे. दिल्लीला लेकीकडे गेले. कायमचे.’

‘अहो मास्तर, जायचं ठरलं होतं म्हणून ते शेवटचा खेळले. शेवटचा खेळले म्हणून थोडेच गेले?’

मास्तरांनी दाताने दोरा तोडला. ‘तुमचं बरोबर असंल,’ ते म्हणाले. ‘पन राहू दे.’

त्यानंतर वर्षभरातच आमच्या केंद्रातल्या शिवणाच्या बाई नोकरी सोडून गेल्या आणि मी मास्तरांना गळ घातली. ते दुपारचं दुकान बंद ठेवून शिकवायला येऊ लागले. वर्गात चौदा जणी होत्या. सगळ्या मैसूरजवळच्या वरुणाकडच्या खेड्यांतल्या. त्यांतली महादेवम्मा सर्वांत मोठी, चाळिशीची. ती पहाटे गाईचं दूध डेअरीवर घालून, घरातलं सगळं उरकून बस पकडायची. नंजनगूडच्या एका कारखान्यात गणवेश शिवायचं काम निघालं होतं आणि आमचं प्रमाणपत्र असलेल्यांना ते घेणार होते. चौदा जणींनी त्याच एका आशेवर आठ महिने घासले.

मास्तर शिकवायचे सुरेख. कात्री कापडावर ठेवण्याआधी तळहातानं कापड एकदा कुरवाळायला लावायचे. कोणाचं चुकलं तर ‘परवागिल्ला, असू दे’ म्हणून स्वतः उसवायला बसायचे. बायका त्यांना भ्यायच्या नाहीत आणि तरीही त्यांचं ऐकायच्या, ही काही सोपी गोष्ट नाही.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना मुख्य ऑफिसचं पत्र आलं. शिक्षकाचं शिवणाच्या कोर्सचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही, ते पाठवावं. मास्तरांना घेताना मी विचारलं होतं, कोर्स केलाय ना? ते हो म्हणाले होते आणि मी, मोजून घेणाऱ्या बाईनं, रकान्यात बरोबरची खूण केली होती. कोर्स त्यांनी केला होताच. शेवटचा दिवस परीक्षेचा होता, एवढंच.

मी ऑफिसला फोनवर फोन केले. शेवटी त्यांनी एक वाट दाखवली. परीक्षेच्या दिवशी सकाळी शिक्षकानं परीक्षा द्यावी. पास झाला तर दुपारी त्याच्या वर्गाची परीक्षा होईल. नाही तर चौदा जणींचे आठ महिने वाया. चूक माझी होती. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. ‘सरि, मॅडम,’ म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. खूश असले की मी ताई असायची आणि अडचणीत आले की मॅडम.

परीक्षेत तीन तासांत पूर्ण शर्ट शिवून दाखवायचा होता. सात बटणं. मी काकूंची युक्ती वापरली. साहित्याच्या डबीत आठवं बटण टाकलं आणि म्हटलं, हे जादा आतल्या पट्टीला लावायचं असतं. म्हणजे ते आठवं ठेवतील आणि शर्ट पूर्ण होईल. मास्तरांनी डबी उघडली, बटणं पाहिली आणि हसले.

‘ही काकूंची गोळी काय, मॅडम?’

‘तुम्हाला माहीत आहे?’

‘पहिल्या दिवसापासून. तिला बरं वाटतंय. म्हणून सुम्ने असतो, गप्प.’ आणि आठवं बटण त्यांनी माझ्या तळहातावर परत ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी चौदा जणी व्हरांड्यात खिडकीला लागून उभ्या होत्या. आत मास्तर, परीक्षक आणि कोपऱ्यात मी. मास्तरांचं यंत्र असं चाललं होतं की परीक्षक आपली वही मिटून नुसते बघत बसले. अडीच तासांत शर्ट तयार झाला. कॉलर अशी बसली होती की नजर काढावी. मग बटणं. एक, दोन, तीन, सहा. सातव्यासाठी मास्तरांनी सुईत दोरा ओवला, क्षणभर हातात धरला आणि सुई स्वतःच्या कॉलरला टोचली.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

‘एक बटण राहिलं,’ परीक्षक कन्नडमध्ये म्हणाले.

मास्तर खिडकीकडे बघत होते. चौदा तोंडं, सगळी त्यांच्याकडे लागलेली. मला तेव्हा कळलं की हा माणूस हट्टाला पेटलेला नाही, घाबरलेला आहे. बटण लागलं की आठ महिन्यांची ती दुपार संपणार होती. दहा मिनिटं उरली. मग पाच.

खिडकीतून महादेवम्मा म्हणाली, ‘गुंडी हाकी, मास्टरे. नाळे बर्तीवि.’

बटण लावा, मास्तर. उद्या आम्ही येतो.

उद्या कशाला येतील, कोर्स तर आज संपतोय, असं माझ्या मनात आलं. पण मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं, सुई कॉलरवरून काढली आणि सातवं बटण लावलं. वीस मिनिटांचं काम त्यांनी दोन मिनिटांत केलं. दोरा तोडताना त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही.

ते पास झाले हे सांगायला नको. दुपारी तेरा जणी पास झाल्या. चौदावी पुढच्या खेपेला झाली.

दुसऱ्या दिवशी केंद्राला सुट्टी होती. मी कागदपत्रं लावायला साडेनऊला गेले, तर मास्तर पायरीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध. काय काम आहे विचारलं तर म्हणाले, ‘काही नाही. सुम्ने. उगीच.’ दहाच्या सुमाराला वरुणाच्या बसमधून चौदा जणी उतरल्या. कोणाच्या डब्यात चित्रान्न, कोणाच्या डब्यात ओबट्टू, आणि महादेवम्माच्या हातात किटलीभर दूध. मला कुलूप उघडावंच लागलं. मास्तरांनी त्यांना त्या दिवशी झबल्याचा गळा शिकवला, जो अभ्यासक्रमात नव्हता.

त्यानंतर तीन वर्षं मास्तरांनी आमच्याकडे शिकवलं. महादेवम्मा नंजनगूडला कामाला लागली आणि रविवारी कधीमधी दुकानात डोकावून जायची. दुकानातली बटणाची रीत मात्र सुटली नाही. सुटावी असं मलाही वाटेनासं झालं होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. सुईत दोरा मी ओवून द्यायचे. हुबळीचा मुलगा बोलावतोय हे काकूंकडून कानावर आलं होतं, पण मास्तरांपाशी विषय काढला की ‘आमेले नोडोण’. एका संध्याकाळी मी ब्लाउज न्यायला गेले तर तो कागदात गुंडाळून, दोरी बांधून तयार. कॉफी झाली, गप्पा झाल्या. मला घाई होती, माझं लक्ष नव्हतं. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. असं कधी करायचे नाहीत.

घरी येऊन कागद सोडला आणि सवयीनं हुक मोजले. पाच.

मी मटकन पलंगावर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडी मोहल्ला गाठला. दुकान बंद होतं. शेजारचा बांगडीवाला म्हणाला, पहाटेच्या गाडीनं गेले, हुबळीला, मुलाकडे. कोणालाच सांगितलं नव्हतं म्हणे.

मला रडू आलं आणि रागही आला. गोल्फचे साहेब अठरावा का खेळले याचं कारण त्यांना मीच एवढ्या शहाणपणानं समजावलं होतं. ते त्यांना पटलं होतं, हे आता कळत होतं.

घरी आले, कात्री घेतली आणि शेवटच्या हुकाचा दोरा उसवला. आयुष्यात एखादं पुरं झालेलं काम मी पहिल्यांदाच अर्धवट केलं. हुक डबीत ठेवला आणि हुबळीला फोन लावला. काकूंनी त्यांच्या हातात दिला.

‘मास्तर, माझ्या ब्लाउजला एक हुक कमी आहे.’

‘मी तर पाच लावले होते,’ ते म्हणाले. आणि मग जरा थांबून, ‘राहिलाय की ठेवलाय, ताई?’

‘ठेवलाय.’

‘सरि,’ मास्तर म्हणाले. ‘मग यावं लागंल.’