केवळाबाईच्या मेंढ्यांचा रंग

राणीसावरगावात केवळाबाईचं नाव निघालं की मला आधी तिच्या दिराचा, सितारामचा, राग येतो. मेल्या माणसाचं लोक तेराव्यानंतर वाटून घेतात. यानं जित्या बाईचं लाटलं.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. केवळाबाईला कोरडा खोकला, संध्याकाळची कणकण आणि अंग नुसतं झडत चाललेलं. तालुक्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, तर दोन्ही फुफ्फुसांच्या मधोमध गाठी. बेडक्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत. झालं, त्यानं हात झटकले. "कॅन्सर आहे. घरी न्या, काय खायचं ते खाऊ द्या." ना गाठ तपासली, ना कुठं पाठवलं! माणूस मारून टाकणं इतकं सोपं असतं होय?

केवळाबाईच्या स्वतःच्या मेंढ्या होत्या, माहेरून आंदण आलेल्या. त्यांच्या पाठीवर हिरवा पट्टा, सितारामच्या मेंढ्यांवर गेरू. कळप एकच, पण त्या घरात बाईच्या रंगाला नवराही हात लावत नसे.

गाठीतला अंश सुईनं काढून हैदराबादला तपासतात, असं तिच्या भावाच्या, दत्तरावच्या, कानावर आलं. सिताराम आडवा आला. "गाठीला लोखंड लागलं की ती खवळती. नेऊ नका." तिचा नवरा येडबा भावाच्या शब्दाबाहेर नव्हता.

केवळाबाई खाटेवर उठून बसली. "भावजी, मेंढीला गाठ आली की तुमीच लाल सळईनं डागताव की. तवा न्हाई खवळत? माझ्याच बारीला लोखंड वाईट झालं व्हय?"

दत्तराव तिला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की टीबी गाठीत दडून बसला तर थुंकीत येत नाही, गाठीतूनच काढावा लागतो. त्याला छाती फाडावी लागत नाही. कडू फवारा मारून घसा बधिर केला, तोंडातून बारीक नळी श्वासनळीत घातली आणि नळीतून सुई पलीकडच्या गाठीत टोचली. केवळाबाईचा जीव गुदमरला, डोळे वाहायला लागले. डॉक्टरीणबाईंच्या कोटाचं टोक तिनं घट्ट धरून ठेवलं. त्याच दिवशी ती आपल्या पायानं बाहेर आली.

तपासणीत टीबी निघाला. गोळ्या न चुकता घेतल्या तर बरी होणार होती. टीबी म्हटल्यावर लोक रडतात. ही खदाखदा हसली.

गावी आली तेव्हा कळप नुकताच परतला होता. हिरवा पट्टा कुठंच दिसेना. तिच्या प्रत्येक मेंढीवर गेरू फासलेला.

येडबा खाली मान घालून म्हणाला, "भाऊ म्हणला, तू काय माघारी येत न्हाईस."

इतकी वर्षं संसार केला त्या माणसाचे हे शब्द! तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "कातर आणा," एवढंच म्हणाली.

धापा टाकत अंगणात बसली. तोंडं ओळखून एकेक मेंढी ओढायची आणि पाठीवरची गेरूची लोकर कातरून फेकायची. सिताराम धावत आला. "वैनी, थंडीचे दिवस हायेत. उघड्या पाठीनं मरतील मेंढ्या."

"मेल्या तर माझ्या म्हणून मरतील, भावजी. तुमच्या रंगात जगायच्या न्हाईत."

येडबानं पुढची मेंढी ओढून तिच्यापुढं धरली.